श्रावणातले माप

गेल्या आठवड्यात महाडच्या बाजारात एका दुकानदाराने माझ्यापुढे पुठ्ठ्याचा तक्ता टाकला. त्यावर बारा अंगुस्ताने रबराने अडकवली होती. पत्रा हलका, खळगे उथळ, कडा न वळवलेल्या. नातीच्या शाळेत शिवणाचा तास असतो; तिने एक आणायला सांगितले होते. मी विचारले, "मापे कोणती आहेत?"

"माप कसलं, आजोबा? एकच येतं. सगळ्यांना बसतं."

मी तक्ता परत केला.

"घ्या की. बोटात घालायचं हाय, डोक्यात नाय," तो म्हणाला. शेजारचे गिऱ्हाईक हसले. मी पायरी उतरलो. जन्मभर शिंपीकाम केले आहे, हे सांगायला त्या मुलाने वेळ दिला नाही आणि मीही तो मागितला नाही.

अंगुस्तान निवडणे हे काम दिसते तितके हलके नाही. ते मधल्या बोटाच्या शेवटच्या पेरावर बसते आणि सुईला मागून रेटा देते. आमच्या घरातले अंगुस्तान रुंद अंगठीसारखे असे. दोन्ही तोंडे उघडी, नख बाहेर. धातू पितळ. लोखंड इथल्या दमट हवेत गंजते आणि कापडाला डाग पाडते. चांदी मऊ असते. जाड कापडावर सुई तिच्यात रुतते. पितळ बोट हिरवट करते, त्याचा वास हाताला राहतो, जेवतानाही येतो; तरी त्याच्यावर भरवसा ठेवता येतो. बोटात घालून हात खाली सोडायचा आणि झटकायचा. पडले तर सैल. पडले नाही तर बोट दुमडायचे. कड सांध्याला चावली तर घट्ट. मग ते तसेच ठेवून तासभर दुसरे काही करायचे. आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणत की तासाभराने ते बोटात आहे हे आठवावे लागले तरच ते आपले. शेवटी खळगे पाहायचे. सुईचे बूड त्यांत टेकले की तिथेच राहिले पाहिजे.

एवढे मला आप्पांनी शिकवले. एक गोष्ट त्यांनी शिकवली नाही, कारण ती त्यांनाही ठाऊक नव्हती. ती आमच्या घराने दुसऱ्याच्या बोटावर शिकून घेतली.

बाजारातून मी आमच्या जुन्या आळीत गेलो. जाण्याचे कारण नव्हते. दुकान होते तिथे आता सायकली दुरुस्त होतात. जमिनीवर काळे तेल, भिंतीला टांगलेली चाके. ओटा तेवढा जुना आहे. त्याच्या कडेचा दगड आमच्या वेळीही असाच खोलगट झिजलेला होता. मी तिथे थोडा वेळ उभा राहिलो. सायकली दुरुस्त करणाऱ्या मुलाने विचारले, "हवा भरायची हाय का?" माझ्याजवळ सायकल नव्हती. मी नाही म्हणालो.

या ओट्यावर आप्पांची बैठक असे. मांडी घालून, पाठ ताठ, कापड गुडघ्यावर. सकाळी प्रथम वास येई तो इस्त्रीतल्या निखाऱ्यांचा. मग ओल्या फडक्याखाली तापलेल्या बनातीचा. त्या जाड लोकरी कापडाला भिजलेल्या मेंढरासारखा वास येतो, आणि तो कपड्यांतून, केसांतून जात नाही. मागच्या तांबट आळीतून ठोके येत. दिवसभर येत म्हणून ऐकू येत नसत. दुपारी तांबट जेवायला उठले की एकदम शांतता पडे आणि सगळा बाजार मान वर करून पाही. सावित्री नदीला भरती आली की बंदरात कौलांचे, मिठाचे पडाव लागत, आणि खाऱ्या चिखलाचा वास थेट आमच्या कापडांपर्यंत येई. श्रावणात नदी बाजाराकडे सरकू लागली की आम्ही ताग्यांवर तागे माळ्यावर चढवत असू. खाली उतरवताना त्यांना बुरशीचा वास लागलेला असे. तो वास मला आजही कुठे आला तर मी पाण्याची उंची पाहतो.

आमच्या घरात एक रीत होती. नागपंचमीला कोणी कापत नाही, चिरत नाही, सुई धरत नाही. हे सर्वत्र आहे. आमच्याकडे त्या दिवशी सुया आणि कात्र्या पाटावर मांडून ठेवत आणि मापे घेत. मोडलेले मोजायचे गज बदलत, कात्र्यांचे खिळे आवळत, आणि त्या वर्षी घरात नवी सून आली असेल तर तिच्या मधल्या बोटाचे माप नवऱ्याने मेण लावलेल्या दोऱ्याने घ्यायचे. गाठ मारलेला तो दोरा तांबटाकडे जाई. आठ दिवसांत सुनेचे अंगुस्तान येई. म्हणून बाकीच्या सुना नागपंचमीला माहेरी जात, तेव्हा आमच्या घरची सून माहेराहून सासरी परत येई. आप्पांच्या आईचे असेच झाले होते, माझ्या आईचेही. त्या दोघी शहरगावच्या शिंप्यांच्या मुली. त्यांच्या हातांनी पावसाळ्यात घरातल्या कामापलीकडे काही केलेले नव्हते. रीत कधी चुकली नाही याचे कारण तेवढेच होते. ते कुणाच्या ध्यानात आले नाही.

माझे लग्न विसाव्या वर्षी वैशाखात झाले. आई तोवर गेलेली होती. मुलगी पोलादपूरच्या वरच्या अंगाची, आंबेनळीच्या वाटेवरच्या एका वाडीतली. जातीचे शिंपी, पण दोन पिढ्या सुईपेक्षा कोयताच अधिक चाललेला. चार खाचरे, दोन म्हशी. आमच्या घरात तिचे नाव यशोदा ठेवले. मी तिला त्या नावाने हाक मारली नाही, माहेरच्या नावानेही नाही.

तिला सुई येते की नाही हे आप्पांनी आल्या आठवड्यातच पाहिले. जुन्या बंडीचा तुकडा दिला आणि म्हणाले, "सूनबाई, एक काज करून दाखव."

"केवढं करू, मामंजी?"

"बटण जाईल एवढं."

आप्पांनी बटण दाखवले नव्हते. तिने इकडेतिकडे पाहिले, आप्पांच्या छातीवरच्या बटणावर नजर ठेवली आणि चीर पाडली. काज म्हणजे बटणाचे घर. चिरेच्या कडेने दोरा घालायचा, त्यावरून टाक्याला टाका लावून गाठींची रांग आणायची. गाठी सारख्या पडल्या पाहिजेत आणि दोन्ही टोके सारखी बंद झाली पाहिजेत. आप्पांचे डोळे तेव्हा अधू होऊ लागले होते. त्यांनी ते काज हातात घेतले, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग आपल्याच बंडीचे बटण त्यातून घातले.

"कुणी शिकवलं गो तुला?"

"आज्यानं. गुरांमागं बसून शिकवलं. दोरा नसंल तर केळीच्या सोपटाचा धागा काढून."

"आणि अंगुस्तान?"

"त्ये कुठलं? बोटाला कातडं गुंडाळायचं."

आप्पा हसले. ते क्वचित हसत. त्या दिवसापासून दुकानातली काजे आतल्या खोलीत तिच्याकडे जाऊ लागली. महिन्याभरात गिऱ्हाइके विचारू लागली, काज कुणी केले. आप्पा सांगत, "घरचं आहे." एकदा माझ्यादेखत तिला म्हणाले, "तुझं अंगुस्तान येऊ दे. मग तू ओट्यावर माझ्या शेजारी बसायचंस. आत काळोखात डोळे घालवायचे नाहीत." महाडच्या बाजारात शिंप्याची सून ओट्यावर बसलेली कुणी पाहिली नव्हती. त्या दिवशी तिने भाकऱ्या करपवल्या, एवढे मला आठवते.

आषाढ लागला. रीतीप्रमाणे ती आखाडासाठी माहेरी गेली. तो महिना लावणीचा. ती माहेरी बसून राहिली असेल असे मानणे हा मूर्खपणा होता, आणि मी तो केला. नागपंचमीच्या आदल्या दिवशी तिचा भाऊ तिला घाट उतरवून पोलादपूरपर्यंत पायी आणि तिथून बैलगाडीने घेऊन आला. दोघे चिंब. तिच्या अंगाला खाचराचा वास होता. कुजलेला पालापाचोळा, शेण आणि भाताच्या रोपांचा हिरवा वास. तो मला आवडला. तसे मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी पाट मांडला. आप्पा समोर बसले. मी दोऱ्याला मेण लावले. दिवसाउजेडी, वडिलांच्या समोर, मी तिचा हात प्रथमच हातात घेत होतो. माझे कान तापले.

"बांगडीवाल्यावानी धरलात की," ती हळूच म्हणाली.

"हात सरळ ठेव."

"सरळच हाय. जरा सुजलेत. लावणीचे हायत."

मी पाहिले. बोटांची टोके पांढरी पडून सुरकुतली होती, पेरे फुगलेली होती, नखांत काळी रेघ होती. माझ्या डोळ्यांना ते दिसले. मला ते लवकर उरकायचे होते. दोरा फिरवला, गाठ मारली, हात सोडला. आप्पांनी विचारले, "झालं एवढ्यात?" मी म्हणालो, "झालं."

तांबट आळीत गणू तांबट आमच्या घरची अंगुस्ताने करीत असे. त्याने दोरा आपल्या करंगळीवर, मग अनामिकेवर चढवून पाहिला.

"सूनबाईचं बोट एवढं? माप एकदा बघून येतोस का परत?"

"माझं माप चुकत नाही," मी म्हणालो.

"बरं बाबा. तू शिंपी." तो ठोकू लागला.

अंगुस्तान आले आणि बसले. यात खोटे काही नाही. श्रावणभर पाऊस, हात पाण्यात, बोटे भरलेलीच. तिने ते बोटात घातले, हात झटकला, दुमडला, तासभर घालून भांडी घासली. मला दाखवायला आली आणि म्हणाली, "ईसरलेच व्हते." भाद्रपदात आप्पांनी तिला ओट्यावर बसवले. त्यांच्या डाव्या हाताला, थोडी मागे, पदर डोक्यावरून. बाजार पाहून गेला. दोन दिवस लोकांनी काम नसता चकरा मारल्या, मग सवय झाली. मी आत कापत असे. मला तिच्या सुईचा आवाज येई: पितळेवर बूड टेकल्याचा टक्, आणि मग दोरा ओढल्याचा लांब सूर. टक्, आणि सूर. आप्पांचा वेगळा आणि तिचा वेगळा, हे मी न पाहता सांगू शकत होतो. माझ्या आयुष्यातले ते तीन महिने. त्यांना मी दुसरे नाव देत नाही.

पाऊस ओसरला. भात कापून झाले. हवा कोरडी झाली आणि सकाळी ओट्याचा दगड गार लागू लागला. हातांना भेगा पडण्याचे दिवस. आवाज बदलला, तो प्रथम मला ऐकू आला. टक्, आणि मधे काही नाही, पुन्हा टक्. बूड टेकत होते, निसटत होते.

एक दिवस आत येऊन ती म्हणाली, "अहो, ह्ये सैल झालंय."

"पितळ सैल होत नाही."

"मग बोट बारीक झालं आसंल. फिरतंय बोटात. गणूदादाकडं दाबून आणता का?"

मला तेव्हाच कळले. श्रावणातला हात, पांढरी टोके, तांबटाचा प्रश्न, सगळे एका रांगेत उभे राहिले. गणूकडे जाणे म्हणजे माझे माप चुकले असे त्याच्या दुकानात, त्याच्या गिऱ्हाइकांसमोर कबूल करणे. मी म्हणालो, "आत चिंधी घाल. लग्नसराई संपली की बघू."

तिने चिंधी घातली.

चिंधी घातलेले अंगुस्तान घट्ट वाटते. ते घट्ट नसते. धातू आणि बोट यांच्यामध्ये तिसरी वस्तू आली की बोटाला सुई कळत नाही, आणि रेटा वाकडा बसला की अंगुस्तान चिंधीवरून फिरते.

मार्गशीर्षात नाते गावच्या एका घरी लग्न होते. तीन डगले, बनातीचे, आतून अस्तर. डगले संध्याकाळी न्यायला माणूस येणार होता. दुपारी तांबट जेवायला उठले होते, म्हणून मला स्पष्ट ऐकू आले. टक् नाही. एक बारीक मोडल्याचा आवाज, आणि तिने आत घेतलेला श्वास. मी बाहेर आलो. गळपट्टीजवळ कापड तिहेरी होते. अंगुस्तान कलले होते आणि सुईचे बूड त्याच्या कडेखालून बोटात शिरले होते. नेढे आत होते, मोडलेले टोक कापडात. तिने बोट तोंडात धरले, दातांनी काहीतरी ओढले आणि ओट्याखाली थुंकली.

"निघालं?" आप्पांनी विचारले. त्यांना नीट दिसत नव्हते.

"निघालं, मामंजी."

"दाखव इकडे."

"काय नाय झालं. चार काजं ऱ्हायलीत."

ती उठली, हळद दाबली, फडके बांधले आणि अंगुस्तान उजव्या हाताच्या दुसऱ्या बोटात घालून ती चार काजे पुरी केली. माणूस आला, डगले घेऊन गेला. बनातीवर रक्ताचा थेंब पडला नव्हता. तिने सांभाळले होते. त्या डगल्यांची काजे पुढे कितीतरी वर्षे लोक दाखवत, असे मी ऐकले.

सगळे निघाले नव्हते. नेढ्याचा तुकडा आत राहिला होता. पाचव्या दिवशी बोट काळेनिळे झाले, सातव्या दिवशी ती भांडे उचलू शकली नाही. मी तिला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी जे करणे शक्य होते ते केले. शेवटचे पेर काढावे लागले. अंगुस्तान बसते ते पेर.

घरी आणल्यावर आप्पांनी अंगुस्तान मागितले. मी दिले. त्यांनी चिंधी बाहेर काढली, बाजूला ठेवली आणि अंगठा आतून फिरवला. पूर्वी काजावर फिरवला होता तसाच.

"माप कधी घेतलंस?"

"नागपंचमीला. तुमच्यासमोर."

"आखाडात ती कुठं होती?"

त्यांनी बराच वेळ ते पितळ हातात ठेवले.

"मीही समोर बसलो होतो," ते म्हणाले. "पण हात तू धरलेला होतास. तिला तू सांग. मी सांगितलं तर ते तुझं होणार नाही."

मी सांगणार होतो. आधी जखम भरू दे, असे ठरवले. जखम माघात भरली.

तोवर आळीने आपला निवाडा केला होता. शेजारच्या ओट्यावर गोदूकाकू तांदूळ निवडत बसे. तिचा आवाज मोठा. "डोंगरातली पोर ती. कोयता धरायचा हात. सुई नाजूक असते बाई. म्हाताऱ्यानं ओट्यावर बसवली काय आणि बोट घालवून बसली काय." हे ती आमच्या दाराकडे तोंड करून बोलली. यशोदा मागच्या पडवीत पाणी भरत होती, तिने ऐकले. मी आत उभा होतो, हातात मापाची पट्टी होती. दारापर्यंत चार पावले होती. बाहेर जाऊन एक वाक्य बोलायचे होते: हात तिचा चुकला नाही, माप माझे चुकले. मी पट्टी गुंडाळली.

पुढे गिऱ्हाइकेही तसेच म्हणू लागली. त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. "वाईट झालं. पण एवढ्या घाईनं ओट्यावर बसवायला नको होतं." तिच्या माहेरी निरोप गेला तोही असाच गेला असावा. तिचा भाऊ आला, हात पाहिला आणि मला म्हणाला, "भावजी, तिला जपून काम करायची सवयच नाय. आमीच शिकवलं नाय." त्याने माझी क्षमा मागितली. मी ती ऐकून घेतली.

ती पुन्हा ओट्यावर बसली नाही. बस असे आप्पा एकदा म्हणाले, तेव्हा ती म्हणाली, "आता कशाला, मामंजी? भाजी चिरून देते." काजे आप्पा स्वतः करू लागले, डोळे कापडाला लावून. गिऱ्हाइके बोटाने चाचपत आणि कुणी केले ते विचारत नसत. आप्पांची काजे दोन वर्षे चालली, मग आप्पा गेले. जाण्याआधी काही दिवस त्यांनी मला जवळ बोलावून विचारले, "सांगितलंस?" मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे मी मुद्दामच स्पष्ट केले नाही. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवले.

आमच्या घरी त्यानंतर नागपंचमीला कुणाचेही माप घेतले गेले नाही. रीत बंद केली असे कुणी म्हटले नाही. पाट मांडत, सुया ठेवत. दोऱ्याला मेण लावत नसत.

आमचा संसार पुढे सदतीस वर्षे झाला. ती कडू बोलली नाही. मीही तिला कधी दुखावले नाही, असे लोक म्हणतील. मुले झाली, दुकानात यंत्रे आली. थंडीत तिचे ते बोट ठणके. ती चुलीपाशी बसून ते दुसऱ्या मुठीत धरी. मी तेव्हा बाहेर जात असे. आता तिला जाऊन नऊ वर्षे झाली आहेत. दुकान विकून मी मुलाकडे राहतो. सायकलवाल्याच्या दारात उभे राहून मला हे सगळे आठवले असे मी म्हणणार नाही. ते कधी गेलेच नव्हते. एक दिवस मात्र त्यातून वेगळा निघतो, तेवढा लिहून थांबतो.

आप्पा गेल्याला तेव्हा चारेक वर्षे झाली असतील. यशोदाला काज करता येत नव्हते, पण बोट पाहून अंगुस्तान सांगण्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. गोधड्या शिवायला बसणाऱ्या बायका, लग्न ठरलेल्या मुली तिच्याकडे येऊ लागल्या. गणू तांबट स्वतःच त्यांना पाठवी. त्याने केलेली लहानमोठी अंगुस्ताने तिच्याजवळ एका डब्यात असत. ती बोट हातात घेई, पेर दाबून पाही, डब्यातले एक काढून देई. बहुधा तेच बसे. गोदूकाकूची सूनसुद्धा येऊन गेली.

त्या श्रावणात गणूची नात शेवंती आली. धीट मुलगी. पडवीत बसली. मी मधल्या खोलीत कोटाचे कापड बेतत होतो. मधे फक्त कुडाची भिंत. मी तिथे आहे हे यशोदाला ठाऊक होते. कात्री चालू होती.

"काकू, लवकर माप बघा. आजोबा म्हणाले, आज ठोकून देतो."

"हात बघू. काय करत व्हतीस?"

"मामाकडे पोलादपूरला गेले होते. लावणीला."

"मग जा घरी. मार्गशीर्षात ये."

"अहो काकू, मार्गशीर्षात माझं लगीन! तेव्हा मी काय हळदीच्या अंगानं येऊ तुमच्याकडे?"

"ये की. पिवळ्या बोटाला पिवळं पितळ. शोभंल."

दोघी हसल्या.

"नायतर सासरी गेलीस का तिकडनं दोरा धाड. पर दुपारी घ्यायचा, कोरड्या हातानं. आता नाय. आता ह्यो हात तुझा नाय, खाचराचा हाय."

"तुम्हाला कुणी शिकवलं हे?"

"कुणी नाय. एकानं श्रावणात माप घेतलं व्हतं."

"कुणी?"

"व्हता एक शिंपी. नावाजलेला हाय बाजारात."

शेवंती म्हणाली, "हे त्या बोटाचं? म्हणजे तुमचा हात चुकला नव्हता? आमच्याकडे तर सगळे म्हणतात..."

"म्हणू दे."

"आणि तो? तो काय म्हणाला मग?"

डब्यात एकेक अंगुस्तान परत पडल्याचा आवाज मी ऐकला. मग झाकण लागले.

"अजून काय म्हणाला नाय," ती म्हणाली.

माझी कात्री थांबली होती. ती थांबल्याचे तिला ऐकू आले असणार. मी खुणेची रेघ शोधली आणि पुन्हा कापू लागलो.